स्लोव्हाकियातील रोजची खरेदी आणि शिष्टाचाराचे बोलणे: नेमकी कोणती वाक्ये आधी शिकावीत?

प्रश्न: प्रवासिनी

नमस्कार. नोकरीनिमित्त मी लवकरच स्लोव्हाकियातील नित्रा या शहरी राहायला जात आहे. कार्यालयात इंग्रजीवर काम भागेल, असे मला सांगण्यात आले आहे. मात्र कोपऱ्यावरचे किराणा दुकान, औषधांचे दुकान, शहर बस आणि इमारतीतील शेजारी या चार ठिकाणी स्लोव्हाक भाषेवाचून अडेल, असेही तिथे राहून आलेल्या सहकाऱ्यांकडून ऐकले आहे.

माझी अडचण अशी की, हाती आलेल्या दोन-तीन संभाषण-पुस्तिकांमध्ये ‘हे चित्र कोणत्या शतकातील आहे?’ यासारखी वाक्ये मुबलक आहेत. गल्ल्यावरच्या बाईंनी काही विचारले तर काय उत्तर द्यावे, हे मात्र त्यांत कुठेही नाही. म्हणून विचारते: पहिल्या महिन्यात खरोखर कामी येणारी वाक्ये कोणती? दुकानात शिरताना, वस्तू मागताना, पैसे देताना आणि निघताना काय म्हणण्याची रीत आहे? अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाशी बोलताना आदर कसा दाखवतात?

एक विनंती. माझ्या सासूबाई सोबत येणार असून त्यांना रोमन लिपीची, त्यातही अक्षरांवर खुणा असलेल्या रोमन लिपीची, मुळीच सवय नाही. त्यामुळे वाक्ये देवनागरीत लिहिल्यास दोघींचीही सोय होईल.

प्रतिसाद: दुनायकाठ

मी ब्रातिस्लाव्हात राहतो. आपल्या प्रश्नाला थोडी बगल देऊन आधी एक सुचवतो. काय बोलावे याची यादी करण्याआधी काय ऐकू येईल याची यादी करावी. खरेदी करताना आपल्याला फार थोडे बोलावे लागते, परंतु समोरून येणारे ठरावीक प्रश्न ओळखता आले नाहीत तर पाठ केलेली सगळी वाक्ये फुकट जातात. सुदैवाने हे प्रश्न मोजकेच आहेत आणि बहुधा त्याच क्रमाने येतात.

दुकानात शिरताच ‘दोब्री द्येन्य’ म्हणावे. सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत हेच चालते. अंधार पडला की ‘दोब्री वेचेर’. लहान दुकानात हे न म्हणता थेट फळीकडे जाणे उद्धटपणाचे दिसते. मोठ्या बाजारात दारापाशी कोणी नसते, म्हणून तिथे गल्ल्यावर आपली पाळी आली की म्हणावे. गल्ल्यावरची व्यक्ती बहुतेकदा स्वतःच आधी म्हणते. तेव्हा मान डोलवून गप्प न राहता तेच शब्द परत म्हणावेत.

त्यानंतरचा प्रश्न बहुधा ‘मात्ये नाशु कार्तु?’ असा असतो, म्हणजे आमच्या दुकानाचे सवलतीचे कार्ड आहे का. नसेल तर ‘न्येमाम’, म्हणजे नाही माझ्याकडे. मग पिशवी: ‘प्रोसीत्ये सि ताश्कु?’ हवी असल्यास ‘आनो, प्रोसीम’, नको असल्यास ‘न्यिए, द्याकुयेम’, म्हणजे नको, धन्यवाद. पुढे पैसे: ‘कार्तोउ?’ म्हणजे कार्डाने का. उत्तरही तेच एका शब्दाचे, ‘कार्तोउ’. रोख द्यायचे असतील तर ‘व होतोवोस्त्यि’. रोखीच्या वेळी ‘मात्ये द्रोब्ने?’ हा प्रश्न हमखास येतो. त्या बाई आपल्याकडे चिल्लर मागत असतात. शेवटी ‘ब्लोचेक?’ म्हणजे पावती हवी का, आणि निघताना दोन्ही बाजूंनी ‘दोविद्येन्या’. त्यांनी ‘पेक्नी द्येन्य’ अशी दिवसाची शुभेच्छा जोडली, तर ‘आय वाम’ म्हणजे ‘तुम्हालाही’ इतके उत्तर पुरते.

रकमेचा आकडा कानाने पकडण्याचा अट्टहास सुरुवातीला करू नये. यंत्राच्या पडद्यावर तो दिसतो. तो स्वल्पविराम घालून लिहिलेला असतो, म्हणजे चार युरो पंचवीस सेंट हे 4,25 असे दिसतील. देशात 1 जानेवारी 2009 पासून युरो चालतो. रोखीने पैसे देताना 1 जुलै 2022 पासून एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांपर्यंत खालीवर केली जाते. त्यामुळे 4,23 च्या बिलावर 4,25 घेतले, तर हिशेब चुकला असे समजून हुज्जत घालू नये. पावतीवर ‘ज़ाओक्रूह्लेन्ये’ या नावाची वेगळी ओळ असते. कार्डाने दिल्यास नेमके 4,23 च जातात.

आता चीज आणि थंड मांसाचे जे काउंटर असते, तिथे खरोखर बोलावे लागते. तिथला राजा शब्द म्हणजे ‘देका’, दहा ग्रॅम. शंभर ग्रॅम चीज मागायचे तर ‘प्रोसीम सि द्येसात्य देका सिरा’. ग्रॅम हा शब्द वेष्टनावर दिसेल, पण काउंटरवर सगळे देकाच म्हणतात. पाव किलोला ‘श्त्वर्त्य किला’ आणि अर्ध्याला ‘पोल किला’. यानंतर ‘फ़्त्सेल्कु आलेबो नाक्रायात्य?’ असे विचारतील, म्हणजे अख्खा तुकडा देऊ की कापून देऊ. कापून हवे असल्यास ‘नाक्रायात्य, प्रोसीम’. मग ‘एश्त्ये न्यिएचो?’ म्हणजे आणखी काही? संपले असेल तर ‘तो ये फ़्शेत्को’.

‘प्रोसीम सि’ ही दोन शब्दांची जोडी वाया घालवू नका. पुढे वस्तूचे नाव ठेवले की मागणी पूर्ण झाली आणि ती पुरेशी नम्रही झाली. नाव येत नसेल तर बोट दाखवून ‘प्रोसीम सि तोतो’, म्हणजे हे द्या. यात कमीपणा काही नाही. पावाच्या दुकानात तिथलेही लोक अर्धा वेळ बोटच दाखवतात.

‘न्येख़ सा पाचि’ हे तीन शब्द मात्र आपल्याला दिवसभर ऐकू येतील आणि प्रत्येक वेळी त्यांचा रोख वेगळा असेल. काउंटरमागून आले तर ‘बोला, काय देऊ’. वस्तू हातात ठेवताना आले तर ‘हे घ्या’. दार धरून कोणी म्हटले तर ‘आधी तुम्ही’. तेव्हा शब्दांकडे नव्हे, हाताकडे पाहावे.

फळे-भाजी काही दुकानांत गल्ल्यावर तोलतात, काही ठिकाणी आपणच तोलून चिठ्ठी चिकटवायची असते. ‘तोतो त्रेबा ओद्वाझ़ित्य’ असे ऐकू आले की समजावे, मागे जाऊन तोलून आणायचे आहे. मागे रांग असली तर जाताना ‘प्रेपाच्त्ये’, म्हणजे ‘माफ करा’, एवढे म्हणावे.

प्रतिसाद: स्वरव्यंजन

वरील यादी उत्तम आहे. मी फक्त उच्चाराबद्दल लिहितो, कारण देवनागरीत लिहिल्याने जितके सोपे होते तितकीच थोडी फसगतही होते.

पहिला नियम सर्वांत सोपा: आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. ‘दोविद्येन्या’ म्हणताना जोर ‘दो’वर द्यावा. दुसरा नियम ऱ्हस्व-दीर्घाचा. स्लोव्हाकमध्ये स्वरावर तिरकी रेघ असली की तो दीर्घ, आणि हा भेद केवळ लिहिण्यापुरता नाही. ‘सुद’ म्हणजे पिंप आणि ‘सूद’ म्हणजे न्यायालय. वर लिहिलेल्या ‘सा पाचि’मध्ये आपण दोन्हीकडे ‘आ’च लिहिला आहे, परंतु पहिला आखूड आहे आणि दुसरा लांबवायचा आहे. आखूड ‘आ’साठी देवनागरीत स्वतंत्र चिन्ह नसल्यामुळे हे कानानेच पकडावे लागेल.

मराठी माणसाला काही ध्वनी आयते मिळतात. रोमन लिपीतील नुसता ‘सी’ म्हणजे ‘चमचा’मधला दंत्य च, वर तो ‘त्स’ असा लिहिला आहे. त्याच अक्षरावर छोटी खूण आली की तो ‘चार’मधला तालव्य च होतो. एकाच अक्षराचे हे दोन च वेगळे ऐकण्याची आपल्या कानांना जन्मापासून सवय आहे. त्याचप्रमाणे ‘ब्रिन्द्ज़ा’ या मेंढीच्या चीजच्या नावात शेवटी ‘जाळे’मधला ज आहे. ह हा मराठीसारखाच घोष आहे. नुक्ता दिलेला ख़ हा उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घशातून घासत काढायचा. झ़ साठी तोंड ‘श’चे ठेवून गळ्यात कंप येऊ द्यावा.

खरी कसरत मृदू व्यंजनांची आहे. ‘द्येन्य’च्या शेवटी ‘न्य’ लिहिले असले तरी तिथे स्वर नाही. जीभ टाळूला टेकवून न म्हणायचा आणि थांबायचे. ‘पेत्य’, ‘द्येसात्य’ यांच्या शेवटच्या ‘त्य’चेही तसेच. शब्दाच्या शेवटी ‘अ’ ऐकू येऊ देऊ नये. पुस्तकात पाहाल तर बहुतेक देशी शब्दांत ए किंवा ई या स्वरांआधी आलेले द, त, न आपोआप मऊ होतात, अक्षरावर खूण नसली तरी. म्हणूनच लिहिलेले ‘नेरोज़ुमिएम’सारखे दिसते, पण म्हणायचे ‘न्येरोज़ुमियेम’, म्हणजे मला समजले नाही. बाहेरून आलेल्या शब्दांना हा नियम नाही, म्हणून ‘देका’ कडकच राहतो.

आकड्यांपैकी दहापर्यंतचे आधी करावेत: येदेन, द्वा, त्रि, श्तिरि, पेत्य, शेस्त्य, सेद्येम, ओसेम, द्येवेत्य, द्येसात्य. संस्कृतातील द्वि, त्रि, चत्वारि आठवत असतील तर पहिले तीन-चार लगेच बसतील. यात एक गंमत अशी की, वस्तूचे रूप आकड्यानुसार तीन प्रकारे बदलते. एक असेल तर ‘येद्नो एउरो’, दोन ते चार असतील तर ‘द्वे एउरा’, आणि पाचापासून पुढे ‘पेत्य एउर’. पावाच्या लांबट रोलचेही तसेच: ‘येदेन रोझ़ोक’, ‘द्वा रोश्कि’, ‘पेत्य रोश्कोउ’. रूप चुकले तरी रोल मिळतातच, तेव्हा यासाठी अडून राहू नये. पण ऐकताना ‘एउरा’ कानी पडले तर रक्कम लहान आहे, एवढा अंदाज येतो.

अभ्यासासाठी ‘स्लोवाके’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि त्यावर शब्दांचा आवाज ऐकता येतो. देवनागरीतले टिपण हातात धरून तो आवाज ऐकावा. नुसत्या टिपणावर विसंबू नये.

प्रतिसाद: कोशित्सेकर

आदराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, म्हणून लिहिते.

तू आणि तुम्ही हा भेद स्लोव्हाकमध्ये अगदी आपल्या ओळखीचा आहे: ‘ति’ म्हणजे तू, ‘वि’ म्हणजे तुम्ही, आणि ‘वि’ म्हटले की समोर एकच माणूस असला तरी क्रियापद अनेकवचनी. दुकानदार, डॉक्टर, शेजारी, चालक, कोणीही प्रौढ अनोळखी व्यक्ती असो, तिच्याशी ‘वि’च. तरुण सहकारी पहिल्याच दिवशी ‘ति’वर येतात, पण तो प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो, आणि स्त्री-पुरुष असल्यास बहुधा स्त्रीने. ‘मुओझ़ेमे सि तिकात्य’, म्हणजे आपण एकमेकांना अरे-तुरे करू या, असे समोरून आले की मगच ‘आहोय’ आणि ‘चाउ’ हे शब्द मोकळे होतात. तोवर ‘आहोय’ फक्त मुलांना आणि मित्रांना म्हणावे. पर्यटकांच्या पुस्तिका ‘आहोय’ पहिल्याच पानावर छापतात. ते मला मुळीच पटत नाही.

नम्र मागणीसाठी ‘ख़्त्सेला बि सोम’ असे म्हणतात, अर्थ ‘मला हवे होते’. हे रूप स्त्रीचे आहे. आपले यजमान ‘ख़्त्सेल बि सोम’ म्हणतील. मराठीत ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांत जी निवड आपण नकळत करतो, तीच इथे करायची आहे. मदत मागताना ‘मोह्लि बि स्त्ये मि पोमुओत्स्त्य?’ हे वाक्य लांब वाटले तरी पाठ करण्याजोगे आहे, कारण ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. गर्दीतून वाट काढताना ‘ज़ दोवोलेन्यीम’, धक्का लागल्यास ‘प्रेपाच्त्ये’, आणि समोरच्याने तसे म्हटल्यास ‘निच सा न्येस्तालो’, म्हणजे काही बिघडले नाही.

कोणाचे बोलणे ऐकू आले नाही तर ‘चो?’ म्हणू नये; ते ‘काय?’ असे खेकसल्यासारखे वाटते. सूर वर नेऊन ‘प्रोसीम?’ म्हणावे. हाच शब्द सूर न चढवता म्हटला तर ‘कृपया’, आणि कोणी आभार मानल्यावर म्हटला तर ‘त्यात काय एवढे’.

‘आको सा मात्ये?’ म्हणजे कसे आहात, हा प्रश्न गल्ल्यावर विचारू नका. इंग्रजी बोलणारे लोक तो सहज फेकतात. इथे तो ओळखीच्या माणसाला विचारला जातो आणि त्याला खरे उत्तर मिळते, अनेकदा गुडघेदुखीसह.

‘नो’ या शब्दापासूनही सावध राहावे. स्लोव्हाक माणूस बोलता बोलता ‘नो’ किंवा ‘नो हेय’ म्हणतो तेव्हा तो होकार देत असतो किंवा नुसती री ओढत असतो. नकार म्हणजे ‘न्यिए’. आपण इंग्रजी सवयीने ‘नो, नो’ म्हणालात, तर नको असलेली पिशवी हमखास गळ्यात पडेल.

काउंटरमागच्या वयस्कर बाई ‘कावा’ला ‘कावीच्का’ म्हणतील आणि ‘मोमेन्त’ला ‘मोमेन्तीक’. कॉफी लहान मिळणार आहे असा त्याचा अर्थ नाही. तो त्यांच्या बोलण्यातला लाडिक गोडवा आहे. आपण ती रूपे वापरायची गरज नाही, पण ओळखता यायला हवीत.

प्रतिसाद: उपयोगवादी

एवढ्या तयारीची खरेच गरज आहे का, याबद्दल मला शंका आहे. मोठ्या दुकानांत स्वतःच सामान मोजून पैसे देण्याची यंत्रे आहेत आणि त्यांवर इंग्रजीचे बटण असते. चाळिशीच्या आतले बहुतेक विक्रेते इंग्रजी समजतात. अनुवादाचे अ‍ॅप उघडून समोर धरले की काम होते. ‘दोब्री द्येन्य’, ‘द्याकुयेम’, ‘दोविद्येन्या’ आणि बोट, एवढ्यावर माझे व्यवस्थित चालले आहे.

प्रतिसाद: दुनायकाठ

उपयोगवादी, आपण म्हणता ते मोठ्या दुकानांपुरते खरे आहे. परंतु औषधांच्या दुकानात, टपाल कार्यालयात किंवा लहान गावातील किराणा दुकानात पन्नाशी-साठीच्या व्यक्तीशी गाठ पडते. 1989 पर्यंत शाळेत सक्तीची परकी भाषा रशियन होती. इंग्रजी त्या पिढीच्या वाट्याला आली नाही. अशा व्यक्तीपुढे थेट इंग्रजीत सुरुवात केली तर ती संकोचते आणि तो संकोच आपल्याला तुसडेपणासारखा दिसतो. त्याऐवजी ‘दोब्री द्येन्य, उचीम सा पो स्लोवेन्स्कि’, म्हणजे मी स्लोव्हाक शिकते आहे, असे म्हणून मग ‘होवोरीत्ये पो आंग्लित्स्कि?’ असे विचारावे. उत्तर ‘नाही’ आले तरी त्या बाई काउंटरमागून बाहेर येऊन वस्तू दाखवतात. समजले नाही तर ‘पोमाल्शिये, प्रोसीम’ म्हणजे जरा हळू, किंवा ‘एश्त्ये राज़, प्रोसीम’ म्हणजे पुन्हा एकदा.

औषधांचा उल्लेख आलाच आहे, तर हेही ध्यानात ठेवावे की ‘द्रोगेरिया’ या पाटीखाली साबण, शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधने मिळतात. गोळ्या-औषधांसाठी हिरव्या क्रॉसची ‘लेकारेन्य’ शोधावी. तिथे ‘मात्ये न्यिएचो ना काशेल्य?’ म्हणजे खोकल्यावर काही आहे का, आणि डोकेदुखीसाठी ‘ना बोलेस्त्य ह्लावि’.

प्रवासिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंनी ‘देका’ आणि ‘ब्लोचेक’ हे शब्द आधीच आपलेसे केले आहेत. त्यांच्यासाठीच दोन पुढच्या शंका विचारते. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडे मात्र चालते. उपाहारगृहात आणि दुकानात हे नेमके कसे सांगावे? दुसरी शंका शेजाऱ्यांची: लिफ्टमध्ये किंवा दवाखान्यात बसलेल्या अनोळखी लोकांना नमस्कार करायचा का, की ते विचित्र दिसेल?

प्रतिसाद: कोशित्सेकर

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे, म्हणून आधी देते. लिफ्टमध्ये शिरताना ‘दोब्री द्येन्य’ आणि आपला मजला आल्यावर ‘दोविद्येन्या’ म्हणावे, आत कोणीही असो. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दार उघडल्यावर सगळ्यांना मिळून एकदाच म्हणावे. चार-पाच जण पुटपुटत उत्तर देतील. न म्हटले तर ते अधिक विचित्र दिसते. रेल्वेच्या डब्यात रिकामी जागा दिसली तरी ‘ये तु वोल्यने?’ असे विचारून मगच बसावे. कोणी जेवत असेल तर ‘दोब्रू ख़ुत्य’ म्हणतात, अगदी कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून नुसते जाता जातासुद्धा, त्यावर ‘द्याकुयेम’.

शाकाहाराचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल. ‘सोम वेगेतारियान्का’ हे वाक्य सर्वांना समजते, पण त्यावर थांबू नये. मांसाचे तुकडे दिसत नाहीत म्हणजे पदार्थ शाकाहारी, असा समज काही स्वयंपाकघरांत असतो. म्हणून पुढे ‘न्येयेम मेसो, आन्यि शुन्कु, आन्यि रिबु’ असे जोडावे, म्हणजे मी मांस खात नाही, हॅमही नाही आणि मासेही नाही. आलेल्या ताटाकडे बोट दाखवून ‘ये फ़्तोम मेसो?’ म्हणजे यात मांस आहे का, असे विचारण्यास संकोचू नये.

दुपारी बहुतेक उपाहारगृहांत ‘द्येन्ने मेनू’ असते. त्यात सूप आणि मुख्य पदार्थ मिळून एक ठरलेली किंमत असते. घोटाळा होतो तो सुपात. भाज्यांचे दिसणारे सूप मांस उकळलेल्या पाण्यावर केलेले असू शकते; त्या पाण्याला ‘वीवार’ म्हणतात. तेव्हा ‘ये तो ज़ मेसोवेहो वीवारु?’ असे विचारावे आणि होकार आला तर सूप सोडून द्यावे. पत्रिकेत ‘बेज़्मेसिते येद्ला’ असे शीर्षक असेल तर त्याखाली बिनमांसाचे पदार्थ असतात. तळलेले चीज, म्हणजे ‘विप्राझ़ानी सिर’, बहुतेक तिथेच सापडते. पदार्थाच्या नावापुढे कंसात छापलेले आकडे किमतीचे नसून ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचे आहेत. 3 म्हणजे अंडे, 4 म्हणजे मासे, 7 म्हणजे दूध. मांसाला मात्र आकडा नाही, म्हणून त्या यादीवर विसंबू नये.

‘ब्रिन्द्ज़ोवे हालुश्कि’ हा तिथला मानाचा पदार्थ. किसलेला बटाटा आणि पीठ यांचे छोटे गोळे, वर मेंढीचे चीज आणि त्यावर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे. ते तुकडे शेवटी वरून घालतात, त्यामुळे मागणी देतानाच ‘बेस स्लान्यिनि, प्रोसीम’ म्हटले तर पदार्थ त्यांच्याविना येतो. तरीही वितळलेली चरबी वरून ओततात का, हे विचारून घ्यावे: ‘आन्यि मास्त्य, प्रोसीम’ म्हणजे चरबीही नको.

पाणी मागताना ‘न्येपेर्लिवा’ म्हटले नाही तर बुडबुड्यांचे येण्याची शक्यता मोठी. सासूबाईंना ते आवडले तर गोष्ट निराळी.

जेवण झाल्यावर ‘ज़ाप्लात्यीम, प्रोसीम’ म्हणावे. त्यावर ‘स्पोलु आलेबो ज़्वलाश्त्य?’ असा प्रश्न येईल, म्हणजे एकत्र की वेगवेगळे. बक्षिशी टेबलावर ठेवून जाण्यापेक्षा रक्कम सांगतानाच वाढवून सांगतात. बिल 9,30 झाले आणि वरचे 70 सेंट ठेवायचे असतील, तर नोट देताना ‘द्येसात्य’ एवढाच शब्द उच्चारावा.

प्रतिसाद: स्वरव्यंजन

दारांवरच्या पाट्या राहिल्या. ‘सेम’ लिहिले असेल तर आपल्याकडे ओढावे आणि ‘ताम’ असेल तर ढकलावे. ‘ओत्वोरेने’ म्हणजे उघडे, ‘ज़ात्वोरेने’ म्हणजे बंद. अनेक सार्वजनिक सुट्ट्यांना कायद्यानेच बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी दूध-पाव आणून ठेवावा. ‘आक्त्सिया’ हा शब्द पिवळ्या किंवा लाल कागदावर दिसला की तिथे किंमत उतरवलेली असते.

प्रतिसाद: दुनायकाठ

आणि बाटल्या फेकू नका. 2022 च्या आरंभापासून प्लास्टिकच्या पेय-बाटल्यांवर आणि पेयांच्या धातूच्या डब्यांवर अनामत आकारली जाते, नगाला 15 सेंट. रिकामी बाटली न चेपता, तिच्यावरचा कागद न काढता दुकानातील ‘ज़ालोहोमात’ या यंत्रात टाकायची आणि ते जी चिठ्ठी देते ती गल्ल्यावर द्यायची. यंत्र दिसले नाही तर ‘प्रोसीम वास, ग्द्ये ये ज़ालोहोमात?’ असे विचारावे. सासूबाईंना सरावासाठी हे काम उत्तम आहे, कारण प्रश्न एकच आणि त्याचे उत्तर नेहमी बोटाने मिळते.